लिंक्स म्हणजे गोल्फचं गायरान: समुद्राकाठचे माझे आवडते कोर्स

ज्यांना लोकलच्या गर्दीत इयरफोनमधून धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा आपल्या भागाचा लिहून काढलेला मजकूर. बोलताना मी जे "अं... म्हणजे..." करतो ते काढून टाकलंय. नवीन पनवेलच्या आमच्या घरामागून मध्येच मालगाडीने भोंगा दिला होता, तोही काढलाय. बाकी तसंच आहे.

मागे एकदा बोलता बोलता मी गोल्फ खेळतो असं सांगून बसलो आणि तुमच्या व्हॉइस नोट सुरू झाल्या. "काका, गोल्फ म्हणजे श्रीमंतांचा खेळ ना?" "काका, तुमचा आवडता कोर्स कुठला?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच ठिकाणी सापडतं, म्हणून हा भाग.

आधी माझं सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा कुठला साहेब बोलतोय. माझे वडील मुंबईतल्या एका गोल्फ क्लबात माळी होते. मी दहाव्या वर्षापासून तिथं कॅडी. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची बॅग उचलणारा, चेंडू शोधणारा, कुठली काठी घ्यायची ते सांगणारा. त्या काठीला क्लब म्हणतात. आठवड्यातले सहा दिवस बॅग उचलायची आणि सोमवारी मैदान सभासदांना बंद असे, तेव्हा आम्हा पोरांना दोन तास खेळायला मिळायचं. तेही कुणी मोठा माणूस क्लबहाऊसच्या व्हरांड्यात बसलेला नसेल तरच. एकदा एकाने आम्हाला ग्रीनवर पाहिलं आणि पुढचे तीन सोमवार बंद झाले. वडील काही बोलले नाहीत. त्या ग्रीनचं गवत त्यांच्या हातचं होतं, पण त्यावर चेंडू मारायचा विचार त्यांनी आयुष्यात कधी केला नाही.

पुढे मी आयटीआय केलं, फिटर झालो आणि जहाजावर लागलो. खेळ सुटला नाही. केबिनमध्ये गालिच्याच्या तुकड्यावर चहाच्या कपात चेंडू घालायचो. जहाज हलतं, कप हलतो. उत्तम सराव होतो!

आता मुद्द्यावर येऊ. गोल्फचे कोर्स दोन तऱ्हेचे असतात असं सोपं करून समजा. तुम्ही सिनेमात पाहता तो एक: हिरवागार, झाडं, तळी, कारंजी. त्याला पार्कलँड म्हणतात. दुसरा प्रकार म्हणजे लिंक्स, आणि तो मूळचा. इंटरनेटच्या लिंकशी त्याचा संबंध नाही. जुन्या इंग्रजीत उंचवट्याला, चढाच्या जमिनीला जो शब्द होता, त्यापासून तो आलाय. स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेतजमीन यांच्या मधल्या वाळूच्या पट्ट्याला लिंक्स म्हणतात.

हा पट्टा तयार कसा झाला ते भारी आहे. हिमयुगात तिथल्या जमिनीवर बर्फाचे अवाढव्य थर होते. बर्फ वितळला, ओझं उतरलं, तशी जमीन हळूहळू वर आली आणि समुद्राची पुळण कोरडी पडून मागे राहिली. वाऱ्याने त्या वाळूच्या टेकड्या केल्या. त्यावर चिवट गवत रुजलं. ससे आणि मेंढ्या ते चरून बारीक ठेवायच्या. वाऱ्यापासून आडोसा म्हणून मेंढ्या उतारावर खळगी करून बसायच्या, त्या खळग्यांचे पुढे बंकर झाले असं सांगतात. बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, त्यात चेंडू गेला की तुमची पंचाईत. थोडक्यात, हा कोर्स कुणी बांधला नाही. लोक तिथं खेळायला लागले आणि तो झाला.

आणि ही जमीन नांगरायच्या लायकीची नव्हती. पीक येत नाही, झाड टिकत नाही. मग तिचं काय करायचं? गावाने ती गुरं चारायला, कपडे वाळत घालायला, पोरांना खेळायला सोडून दिली. आपल्याकडे याला काय म्हणतात? गायरान! गोल्फ हा मुळात गायरानावरचा खेळ आहे. हे मला पुस्तकात वाचून नाही कळलं. एका रविवारी कळलं.

१९९४ साल. मी तेलाच्या टँकरवर होतो आणि जहाज स्कॉटलंडच्या ग्रेंजमाउथ बंदराला लागलं होतं. एक दिवस सुट्टी मिळाली. बाकीचे बाजारात गेले, मी ट्रेन आणि मग बस धरून सेंट अँड्र्यूजला. तिथला ओल्ड कोर्स म्हणजे गोल्फची पंढरीच म्हणा. खेळायला मिळणार नाही हे माहीत होतं. बाहेरून, जाळीतून बघू, एवढीच अपेक्षा.

जाळीच नव्हती, हो. गावातला रस्ता संपतो आणि मैदान सुरू होतं. आणि मैदानात काय, तर बायका बाबागाडी ढकलतायत, कुत्री पळतायत, एक आजोबा पतंग उडवतायत. मी रस्त्याच्या कडेला उभा. सवयच तशी. कुत्रा घेऊन आलेल्या एका बाईंनी विचारलं, "हरवलात का?" मी म्हटलं, "आत जायला परवानगी कुणाकडून घ्यायची?" त्यांना प्रश्नच कळला नाही. मग हसल्या आणि म्हणाल्या, "रविवार आहे, चला की." ओल्ड कोर्स एरवी रविवारी खेळाला बंद असतो आणि गावाला फिरायला मोकळा असतो. पहिल्या आणि अठराव्या होलच्या मधून तर चक्क गावातली वाट जाते, आठवड्याच्या सगळ्या दिवशी.

मी चप्पल... नाही, बूट काढून त्या गवतावर उभा राहिलो. आखूड, टणक, खाली वाळू. वडिलांना पत्र लिहिलं की इथं मैदानाला दर रविवारी सुट्टी असते. त्यांचं उत्तर दीड महिन्याने दुसऱ्या बंदरात मिळालं. त्यात एकच प्रश्न होता: "पाणी कोण घालतं?"

आता हा हक्क काही आपोआप टिकलेला नाही, ते ऐका. १५५२ मध्ये तिथल्या आर्चबिशपने या जमिनीवर ससे पाळायची परवानगी घेतली. त्याच सनदेत गावकऱ्यांचा तिथं गोल्फ आणि फुटबॉल खेळायचा, गुरं चारायचा हक्क लिहून ठेवला. अडीचशे वर्षं बरी गेली. मग १७९७ मध्ये नगरपालिका कर्जात बुडाली, जमीन हातची गेली आणि ती सशांचा धंदा करणाऱ्यांकडे पोचली. मैदानभर सशांची बिळं! खेळणारे विरुद्ध ससेवाले अशी कोर्टकचेरी वीसेक वर्षं चालली. शेवटी १८२१ मध्ये जेम्स चीप नावाच्या शेजारच्या जमीनदाराने, जो स्वतः खेळायचा, ती जमीन विकत घेतली आणि खेळ वाचवला. १८९४ मध्ये संसदेत कायदा होऊन ती पुन्हा गावाकडे आली, आणि १९७४ पासून एक सार्वजनिक ट्रस्ट ती सांभाळतो. आपल्याकडे गायरानांचं काय होतं हे तुम्ही बातम्यांत वाचताच. म्हणून मला ही गोष्ट गोल्फपेक्षा मोठी वाटते.

बरं, फुकट नाहीये तिथं. बाहेरच्या माणसाला हंगामात ओल्ड कोर्सवर एका फेरीचे तीनशे पौंडांच्या वर पडतात. गावच्या माणसाला वर्षाचा पास अगदी कमी पैशांत मिळतो. बाहेरच्यांसाठी चिठ्ठ्या काढतात. एकट्या माणसाला मात्र एक चोरवाट आहे: तिघांचा गट असेल तर त्यात चौथा म्हणून घुसायचं. पूर्वी त्यासाठी पहाटे, कधी कधी रात्रीपासून, रांग लावावी लागे. आता त्याचीही नोंदणी डिजिटल झालीय.

मी २०१६ मध्ये त्या रांगेत उभा राहिलो. मुलगी तेव्हा डंडीला शिकत होती, सेंट अँड्र्यूजपासून बसने जवळच. थर्मासमध्ये चहा, अंगावर दोन स्वेटर आणि पोरीने दिलेलं ब्लँकेट. नंबर लागला. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी कॅडी घेतला. पैसे खूप होते, पण म्हटलं घ्यायचाच. साठीचा माणूस, माझ्याच वयाच्या आसपास. त्याला सांगितलं की मीही कॅडी होतो. त्याने माझे हात बघितले, मान डोलावली आणि त्यानंतर मला एकदाही "सर" म्हणाला नाही. मला ते फार आवडलं.

त्याने शिकवलेली गोष्ट म्हणजे लिंक्सचं सगळं शास्त्र आहे. चौथ्या होलला माझा चेंडू ग्रीनपासून चाळीसेक यार्डांवर होता. मी सवयीने उंच उडवायचा क्लब काढला. आपल्याकडे असाच मारतात: चेंडू हवेत उंच जातो, मऊ ग्रीनवर पडतो, थांबतो. त्याने तो क्लब परत बॅगेत ठेवला आणि पटर हातात दिला. पटर म्हणजे चेंडू जमिनीवरून ढकलायचा क्लब. चाळीस यार्डांवरून! का? कारण एक, वारा. उंच गेलेला चेंडू वारा कुठेही नेतो. कारण दोन, खाली वाळू असल्यामुळे पाणी मुरून जातं आणि जमीन टणक राहते, उंचावरून पडलेला चेंडू टप्पा खाऊन पळून जातो. म्हणून चेंडू जमिनीला धरून ठेवायचा, उंचवट्यांवरून वळवत न्यायचा. गोट्या खेळलेल्या माणसाला हे पटकन कळतं. भिंतीचा, चढाचा, उताराचा हिशोब करून गोटी गलीत घालायची, तसंच. माझा चेंडू डावीकडे गेला, एका उंचवट्याला वळसा घालून उजवीकडे आला आणि भोकापासून दोन हातांवर थांबला. कॅडी म्हणाला, "बघ, जमिनीला माहीत असतं."

ओल्ड कोर्सची आणखी एक गंमत. तिथं सात ग्रीन जोडग्रीन आहेत, म्हणजे जाताना आणि येताना एकाच प्रचंड ग्रीनवर दोन वेगळी भोकं. आणि त्या जोडीच्या क्रमांकांची बेरीज नेहमी १८ येते. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, असं. मुळात गोल्फला १८ होलच का, याचंही उत्तर इथंच आहे. पूर्वी इथं एका फेरीत २२ होल खेळायचे. १७६४ मध्ये सुरुवातीच्या चार छोट्या होलचे दोन केले, जाताना दोन आणि येताना दोन कमी झाले, उरले १८. बाकी जगाने तेच उचललं.

सतराव्या होलला कॅडीने मला समोरच्या हॉटेलच्या शेडवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून सांगितलं, "या अक्षरावरून मार." हो, इमारतीच्या कोपऱ्यावरून मारायचा! माझा पहिला चेंडू हॉटेलच्या आवारात गेला. फेरी संपली तेव्हा मोजले तर ९७ फटके झाले होते. कोर्सचा हिशोब ७२ चा आहे. असो.

तिथंच जवळ एक छोटं पटिंगचं मैदान आहे, नुसते उंचवटेच उंचवटे. नाव काय, तर हिमालयाज! १८६७ मध्ये स्थापन झालेल्या बायकांच्या पटिंग क्लबचं ते मैदान. त्या काळात बायकांनी खांद्याच्या वर क्लब नेणं बरं दिसत नाही असं मानायचे, म्हणून त्यांना हा तुकडा दिला. आज तिथं कुणीही थोडे पैसे देऊन खेळू शकतं. माझ्या मुलीने मला तिथं हरवलं. तिने आयुष्यात क्लब धरला नव्हता.

डंडीच्या दुसऱ्या बाजूला कार्नूस्टी. हा कोर्स क्रूर आहे. शेवटच्या होलवर बॅरी बर्न नावाचा ओढा सापासारखा आडवा येतो. १९९९ च्या ओपन स्पर्धेत ज्याँ वॅन द वेल्ड नावाचा फ्रेंच खेळाडू तीन फटक्यांनी पुढे होता, शेवटचा एकच होल बाकी. सहा फटक्यांत संपवला असता तरी जिंकला असता. त्याने चेंडू ओढ्यात घातला, मग बूट-मोजे काढून, पँट दुमडून पाण्यात उतरला. सात फटके लागले आणि पुढे प्लेऑफमध्ये पॉल लॉरी जिंकला. व्हिडिओ नक्की बघा, पण जेवताना नको, घास उतरत नाही. कार्नूस्टीही सार्वजनिक आहे. मोठ्या कोर्सशेजारीच बर्नसाइड नावाचा स्वस्तातला कोर्स आहे, तीच वाळू, तोच वारा. पैसे कमी असतील तर खुशाल तो खेळा. मी दोन्ही खेळलोय आणि खरं सांगू, बर्नसाइडवर जास्त मजा आली.

पण एकच कोर्स पुन्हा खेळायला मिळणार असेल, तर मी एडिंबरोच्या पूर्वेचा नॉर्थ बेरिक निवडेन. तिथं कोर्सच्या मधून दगडी कुंपणं जातात आणि ती कुणी पाडलेली नाहीत. तेराव्या होलला ग्रीन कुंपणाच्या पलीकडे आहे, चेंडू कुंपणावरून मारायचा. कुंपण आधी आलं, गोल्फ नंतर, मग वाट कुणी सोडायची? पंधरावा होल रेडान, जगभर सगळ्यात जास्त नकला झालेला होल असावा. ग्रीन तिरकं, पलीकडे उतरतं, समोर खोल बंकर. क्रिमियाच्या युद्धातल्या तटबंदीवरून हे नाव पडलं. बाजूला समुद्र, किनाऱ्यावर पोरं वाळूचे किल्ले करतायत आणि तुमचा चेंडू कधीही त्यांच्या किल्ल्यात जाऊ शकतो. एका पोराने माझा चेंडू बुरुजावर लावून ठेवला होता. मी तो तिथंच सोडला.

आपल्या लोकांचं म्हणाल, तर ओपन ही स्पर्धा फक्त लिंक्सवरच होते, आणि २०२३ मध्ये रॉयल लिव्हरपूलला शुभंकर शर्मा संयुक्त आठवा आला. ओपनमध्ये भारतीयाची ती सर्वोत्तम कामगिरी. आपल्या पुण्याचा उदयन माने टोकियो ऑलिंपिकला खेळला, पण तो कोर्स लिंक्स नव्हता.

मग प्रश्न येतोच: आपल्याकडे एवढा लांबलचक किनारा, लिंक्स का नाही? ब्रिटनबाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब आपल्याच देशात, १८२९ चा, कोलकात्यात. पण समुद्रकाठी? मुंबईत कुलाब्याच्या टोकाला युनायटेड सर्व्हिसेस क्लबचा कोर्स आहे, अगदी समुद्राला लागून. मात्र तो मुख्यतः सैन्यदलांतल्या लोकांसाठी. एका निवृत्त नौदल अधिकाऱ्यासोबत पाहुणा म्हणून मी एकदा खेळलोय. वारा खरा आहे, खारा आहे, पण पायाखालची जमीन लिंक्सची नाही. गोव्यात काणकोणला राजबाग किनाऱ्यावर एका रिसॉर्टचा नऊ होलचा कोर्स आहे. सुंदर आहे, पण तिथला चेंडू जमिनीवरून तसा पळत नाही.

कारण पाऊस. सेंट अँड्र्यूजच्या बाजूला वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, तोही बारा महिन्यांत विभागून. कोकणात अडीच-तीन हजार, तो चार महिन्यांत. तिथलं थंडीतलं बारीक पातं इथं तगत नाही आणि इथलं गवत जुलैत एका रात्रीत वीतभर वाढतं. शिवाय आपला किनारा बराचसा कातळाचा, जांभ्याचा. वाळूचा पट्टा अरुंद आणि त्याच्या मागे लगेच नारळ-सुपारीच्या वाड्या.

पण वाळूच्या टेकड्या आपल्याकडेही आहेत. आणि त्यांना धरून ठेवणारी मंडळीही आहेत: जांभळ्या फुलांची मर्यादवेल आणि ते काटेरी गोल डोक्याचं गवत, ज्याला रावणाच्या मिशा म्हणतात. स्कॉटलंडमधल्या गवताचं जे काम, तेच यांचं.

मी अनेक वर्षं मनातल्या मनात कोकणातल्या एका किनाऱ्यावर नऊ होल आखले होते. जहाजावर वेळ भरपूर. कागदावर नकाशासुद्धा काढला होता. तो आता मी फाडलाय. त्याला कारण स्कॉटलंडच. आबर्डीनच्या उत्तरेला डोनाल्ड ट्रम्प यांचा कोर्स २०१२ मध्ये सुरू झाला. तिथल्या सरकत्या वाळूच्या टेकड्यांना निसर्गाचा वारसा म्हणून संरक्षण होतं. त्यांचा काही भाग या बांधकामात इतका बदलून गेला की २०२० मध्ये तो संरक्षित दर्जाच काढून घ्यायचं ठरलं. म्हणजे वाळू आपणहून लिंक्स होते तेव्हा ठीक, आपण बुलडोझर लावून करायला गेलो की वाळू मरते. आणि आपल्या वाळूवर आधीच लोकांचा हक्क आहे. कुणी मासळी सुकवतं, कुणी होडी ओढून ठेवतं. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र आणि गावकऱ्यांनी २००२ पासून कासवांची घरटी जपली. राजबागपासून थोड्याच अंतरावरच्या गालजीबागलाही कासवं येतात. त्या पुळणीला सेंट अँड्र्यूजच्या गावकऱ्यांसारखी सनद नाही, पण वहिवाट तीच. आधी मी त्याच्या नऊ होलचा विचार करत होतो, आणि कुंपण कुठं घालायचं हेही ठरवलं होतं! माळ्याच्या पोराने.

तिकडे समुद्रही गप्प बसलेला नाही. माँट्रोजला सोळाव्या शतकापासून गोल्फ चालतो, तिथं समुद्र किनारा खात आत येतोय आणि होल आत सरकवावे लागलेत. सोबत खेळणाऱ्या एका आजोबांनी मला पाण्याकडे बोट दाखवून सांगितलं, "माझा पहिला चांगला फटका तिथून मारलेला." तिथं लाटा होत्या.

मग मी खेळतो कुठे? खारघरला. सिडकोने केलेला कोर्स आहे, टेकड्यांच्या पायथ्याशी. समुद्र नाही, वाळू फक्त बंकरमध्ये, पावसात चेंडू चिखलात रुततो. पण कुठल्याही क्लबाचा सभासद नसलेला माणूस पैसे भरून तिथं खेळू शकतो, आणि मला तेवढं पुरतं. पनवेलहून खारघर तिसरं स्टेशन. बॅग घेऊन लोकलमध्ये चढलो की हमखास कुणीतरी विचारतं, "काका, कुठलं वाद्य?" मी पखवाज सांगतो. एकाने मग गणपतीच्या आरतीला बोलावलं होतं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर आधी नवं सामान घेऊ नका. एक जुनी सात नंबरची आयर्न आणि एक पटर, बस. चेंडू उंच उडवायचा हट्ट सोडा, महिनाभर जमिनीवरूनच न्या. आणि कोकणात गेलात की ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवर थोडं पटिंग करून बघा. भोक हाताने करायचं, मर्यादवेलीपासून लांब, आणि जाताना बुजवायचं. दिवेआगरला मी आणि मुलगी दरवर्षी खेळतो. ती अजूनही जिंकते.

वडील जाण्यापूर्वी मी त्यांना पाण्याचं उत्तर दिलं होतं. म्हटलं, "मोठ्या मैदानभर कुणी पाणी घालत बसत नाही, पाऊसच घालतो." त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "मग माळी काय करतो?" मी त्यांना टॉम मॉरिसची गोष्ट सांगितली. विणकराचा मुलगा, सेंट अँड्र्यूजच्या मैदानाची निगा राखणारा माणूस. त्याने ओपन चार वेळा जिंकली आणि अठराव्या होलला आज त्याचं नाव आहे. वडील म्हणाले, "खेळायचा पण?"

पुढच्या भागात जहाजावरचं जेवण. प्रश्न व्हॉइस नोटने पाठवा, एक मिनिटाच्या आत आवरा.